अंगावरचे डाग आणि वेगळे ताट



या महोत्सवात आरोग्याविषयी दोन शब्द बोलण्याची आपण मला आज्ञा केलीत. मी डॉक्टर नव्हे, शिक्षक आहे. म्हणून वर्गात सांगावे तसे साधेच सांगतो.

घरात कुणाला एच.आय.व्ही.ची बाधा असली आणि त्याच्या अंगावर डाग उठले, की पुष्कळदा प्रथम त्याचे ताट वेगळे होते. वास्तविक हा विषाणू स्पर्शाने किंवा एका ताटात जेवल्याने पसरत नाही. शिवाय ते डाग अन्नाच्या उणिवेचेही असू शकतात. म्हणजे ज्याला चार घास अधिक हवेत, त्यालाच आपण पंक्तीतून उठवतो!

ही उणीव का होते? तोंड आले की घास उतरत नाही, जुलाबामुळे खाल्लेले अंगी लागत नाही, आणि शरीराची भूक मात्र वाढलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते लक्षणे नसलेल्या बाधित प्रौढाला नेहमीपेक्षा सुमारे १० टक्के, तर लक्षणे असलेल्याला २० ते ३० टक्के अधिक ऊर्जा लागते.

आता खुणा पाहू. प्रथिने फार कमी पडली की पाय सुजतात, कातडीचे पापुद्रे निघतात, केस विरळ होतात. जस्त कमी पडले की तोंडाभोवती व हातापायांवर लाल चट्टे येतात, जखमा लवकर भरत नाहीत. 'क' जीवनसत्त्वावाचून हिरड्यांतून व केसांच्या मुळाशी रक्त येते. नायासिनच्या अभावी मान, हात, पाय अशा उन्हातल्या भागांवर काळपट, खरखरीत पट्टे उठतात, हाच पेलाग्रा. डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली तो मुख्यतः ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत दाखवून दिला. आपल्या खानदेशी घरांनी म्हणून भाकरी सोडू नये. तिच्यासोबत डाळ, शेंगदाणे, दूध, जमल्यास अंडी-मासळी ठेवावी.

मात्र प्रत्येक डाग उपासमारीचा नसतो. तो बुरशीचा किंवा औषधाचाही असू शकतो. नव्या औषधानंतर पुरळासह ताप आला वा फोड उठले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. एरवी गोळ्या मनाने थांबवू नयेत. रोजा असो वा उपवास, आधी डॉक्टरांना विचारावे. आहार औषधाची जागा घेत नाही. तो औषधाला बळ देतो.

हे औषध सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळते. आपल्या सुरतेत न्यू सिव्हिल हॉस्पिटलमध्ये ए.आर.टी. केंद्र आहे. चौकशीसाठी १०९७ हा क्रमांक आहे. २०१७ च्या कायद्याने बाधितांशी भेदभाव करण्यास मनाई केली आहे. पण कायदा स्वयंपाकघरात येऊन पान वाढीत नाही. ते काम आपले.

आपल्या ट्रस्टने गरजूंना शिधा देताना त्यात डाळ व शेंगदाणे अवश्य घालावेत, आणि तो कुणाला व का दिला याची वाच्यता करू नये, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.