हसू नका, हात धरा



लंडनची गायिका एमी वाइनहाऊस जुलै २०११ मध्ये अति दारूमुळे गेली. वय अवघं २७. महिनाभर आधी बेलग्रेडला ती स्टेजवर अडखळली, तेव्हा तिची गाणी डोक्यावर घेणाऱ्या लोकांनीच तिची हुर्यो उडवली.

आपल्या पनवेलकडेही हळदीला बेंजोवाल्या पोरापुढे कौतुकानं ग्लास धरतात आणि त्याचा तोल गेला की हसतात. बायांनो, व्यसन हा आजार आहे. माया म्हणजे दारूला पैसे देणं नव्हे, उपचारापर्यंत सोबत जाणं. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांना विचारा. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय. १४४४६ या नंबरवर फुकट सल्ला मिळतो.

येत्या हळदीला वाजवणाऱ्यांना आधी जेवू घाला. ग्लास मात्र नको.