कॅनव्हासवरची विहीर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाचा सराव नाही. शिक्षण सातवीपर्यंत, आणि चित्रकला म्हणाल तर दारापुढची रांगोळी. पण गेल्या वर्षी मी अ‍ॅक्रिलिक रंगांनी एक चित्र काढले. ते कसे केलेस ते सांगच, असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला, म्हणून उभी राहिले आहे.

तैलरंग शेकडो वर्षांचे जुने. पाण्यात कालवायचे हे अ‍ॅक्रिलिक रंग मात्र १९५० च्या दशकात अमेरिकेत निघाले. ओले आहेत तोवर पाण्याने धुतले जातात, वाळले की प्लॅस्टिकसारखे घट्ट होतात. हे मला ठाऊक नव्हते. पहिल्याच दिवशी दूध उतू गेले म्हणून मी उठले, तेवढ्यात दारात पाहुणे आले. त्यांना चहा देऊन परत येऊन पाहते तो ब्रशची काडी झालेली! मुलीने पैसे साठवून आणलेला ब्रश तो. तेव्हापासून उठायचे झाले की ब्रश आधी पाण्यात बुडवते, आणि काम संपले की साबणाने धुते. साडीही जुनीच नेसून बसा. वाळलेला डाग परिटालाही निघत नाही.

सुरुवातीला मोठा कॅनव्हास आणू नका. पुठ्ठ्यावर चिकटवलेला बोर्ड मिळतो, १० बाय १२ इंचांचा, तो पुरे. त्याला पांढरा थर दिलेलाच असतो, म्हणून रंग कापडात मुरत नाही. रंग पाच घ्या: पिवळा, तांबडा, निळा, तपकिरी आणि पांढरा. पांढऱ्याची ट्यूब मोठी घ्या, तोच आधी संपतो. काळा मी आणलाच नाही; निळ्यात तपकिरी कालवला की विहिरीच्या तळाचा काळोख होतो. एक चपटा ब्रश, एक बारीक, आणि चिनी मातीची बशी. बशीत रंग वाटाण्याएवढाच काढा. पानात चटणी वाढल्यासारखा वाढलात तर पंख्याखाली त्यावर साय धरते. आणि पाणी बेताने; फार झाले की रंग नीट धरत नाही.

आधी मागचे रंगवायचे, मग पुढचे. मी आभाळ केले, मग आंब्याचे झाड, मग माहेरची विहीर. ती विहीर आता बुजवली आहे, वरून रस्ता जातो.

आई चित्र पाहायला आली. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, पायऱ्या डाव्या अंगाला होत्या. घागर घेऊन मी उतरत होते, तू नव्हे."

मला रडू कोसळले. महिनाभराची मेहनत! पण या रंगांत एक सोय आहे, वाळलेल्यावर पुन्हा रंगवता येते, खालचा रंग वर येत नाही. चुकलेल्या पायऱ्यांवर पांढरा फिरवला. पाव तासात वाळला. आई शेजारी पाटावर बसून सांगू लागली, तिसरी पायरी खचलेली, चौथीवर शेवाळ. शेवाळाचा हिरवा काही केल्या तिच्या मनास येईना. शेवटी तिनेच चमच्याने पिवळ्यात निळा आणि चिमूटभर तपकिरी कालवला.

ते चित्र बाहेर टेबलावर ठेवले आहे. हात लावून पाहिलेत तरी चालेल.