विरोधाचे दोन पदर : सास्काचेवानमधील तेवीस दिवस

रुग्णाच्या औषधपाण्याचा भार शासनाने उचलावा, या कल्पनेला उघड विरोध करणारा मनुष्य सहसा भेटत नाही. परंतु ही कल्पना कायद्याचे रूप धारण करू लागली, की विरोधाला तोंड फुटते. हा विरोध केवळ स्वार्थापोटी होतो, असे म्हणून त्याची बोळवण करणे सोपे आहे. मात्र ते सत्याला धरून नाही. कॅनडाच्या सास्काचेवान प्रांतात १९६२ च्या जुलै महिन्यात जे घडले, त्याची मीमांसा या दृष्टीने उद्बोधक ठरते.

सास्काचेवान हा गव्हाच्या शेतीचा, विरळ वस्तीचा प्रदेश. लहान गावात डॉक्टर टिकत नसे. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या काळापासूनच तेथील ग्रामसंस्थांनी स्थानिक करातून वेतन देऊन डॉक्टर नेमण्याचा प्रघात पाडला होता. म्हणजे प्रारंभ शासनाने नव्हे, तर समाजाने केला. १९४४ मध्ये टॉमी डग्लस हे प्रांताचे मुख्यमंत्री झाले. मूळचे ते धर्मोपदेशक. बालपणी हाडाच्या विकाराने त्यांचा पाय कापण्याची वेळ आली होती. एका शल्यचिकित्सकाने विनामूल्य उपचार केल्यामुळे तो वाचला. आरोग्य ही दैवाची वा दानाची बाब असू नये, हा त्यांचा निश्चय त्या अनुभवातून आला होता. १ जानेवारी १९४७ पासून प्रांतात रुग्णालय विमा सुरू झाला. प्रारंभी माणशी वार्षिक वर्गणी होती अवघी ५ डॉलर. त्यावर मोठे वादळ उठले नाही, कारण रुग्णालयाचा खर्च शासनाने भरला तरी डॉक्टरच्या व्यवसायाला त्याने हात लावला नव्हता.

डिसेंबर १९५९ मध्ये डग्लस यांनी पुढचे पाऊल उचलले. डॉक्टरांच्या शुल्काचाही समावेश असणाऱ्या सार्वत्रिक योजनेची पाच तत्त्वे त्यांनी मांडली. सेवा देणारे आणि सेवा घेणारे या दोघांनाही योजना मान्य असली पाहिजे, हे त्यांपैकी एक तत्त्व होते. पुढील सारा संघर्ष या एका तत्त्वाच्या विस्मरणातून उद्भवला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. १९६० ची निवडणूक याच प्रश्नावर लढवली गेली. डॉक्टरांच्या संघटनेने सभासदांकडून निधी जमवून विरोधी प्रचार केला. डग्लस यांचा पक्ष विजयी झाला, पण त्याला मते मिळाली सुमारे ४१ टक्केच. बहुसंख्यांनी योजनेला कौल दिलेला नाही, हा विरोधकांचा मुद्दा त्यामुळे जिवंत राहिला. नोव्हेंबर १९६१ मध्ये कायदा संमत झाला. त्याच महिन्यात डग्लस राष्ट्रीय राजकारणात गेले आणि वूड्रो लॉइड मुख्यमंत्री झाले.

या विरोधाला दोन पदर होते. एक पदर भयाचा. डॉक्टर प्रांत सोडून जातील, रुग्णाची गुपिते सरकारी कारकुनांच्या हाती पडतील, अशी धास्ती पद्धतशीरपणे पसरवण्यात आली. दुसरा पदर मात्र प्रामाणिक शंकेचा होता. जो पैसा देतो तो आज्ञाही देतो. मग उद्या उपचार डॉक्टर ठरवणार की आयोग? प्रांतातील बरेच डॉक्टर ब्रिटनमधील सरकारी आरोग्यसेवा सोडून आलेले होते. त्यांचे म्हणणे ऐकीव नव्हते. शिवाय मूळ कायद्याने आयोगाला दिलेले अधिकार खरोखरच व्यापक होते.

१ जुलै १९६२ रोजी योजना सुरू झाली आणि प्रांतातील बहुसंख्य डॉक्टरांनी आपले दवाखाने बंद केले. तातडीच्या सेवेसाठी मोजकीच रुग्णालये उघडी राहिली. पहिल्याच दिवशी डॉक्टरच्या शोधात मोटारीने फिरणाऱ्या एका दांपत्याचे तान्हे मूल दगावले. 'आमचे डॉक्टर टिकवा' या नावाच्या नागरिक समित्या शासनाविरुद्ध उभ्या राहिल्या. ११ जुलै रोजी राजधानी रिजायनामध्ये त्यांनी मोर्चा काढला. आयोजकांना तीसचाळीस हजारांची अपेक्षा होती; आले जेमतेम चारपाच हजार. विरोधाची धार तेथे बोथट झाली. दुसरीकडे सास्काटून शहरात नागरिकांनी ३ जुलैलाच सहकारी तत्त्वावर स्वतःचा दवाखाना उघडला होता. ब्रिटनमधूनही काही डॉक्टर मदतीला आले.

अखेर ब्रिटनच्या मजूर पक्षाचे, स्वतः डॉक्टर असलेले लॉर्ड टेलर यांनी मध्यस्थी केली. एकमेकांसमोर बसण्यास तयार नसलेल्या दोन पक्षांमध्ये त्यांनी खेपा घातल्या. २३ जुलै रोजी सास्काटून येथे करार झाला. योजना सार्वत्रिक आणि सक्तीचीच राहिली. मात्र डॉक्टर शासनाचे वेतनदार नोकर झाले नाहीत. प्रत्येक सेवेमागे शुल्क घेण्याची पद्धत कायम राहिली. शासनाशी थेट व्यवहार नको असेल, तर पूर्वीच्या विमासंस्थांमार्फत शुल्क घेण्याची, किंबहुना योजनेबाहेर राहून व्यवसाय करण्याचीही मुभा मिळाली. शासनाने सर्वसमावेशकता सोडली नाही, डॉक्टरांनी स्वायत्तता गमावली नाही.

१९६४ मध्ये लॉइड यांचा पक्ष पराभूत झाला. आता योजना मोडीत निघेल, असे अनेकांना वाटले; पण नव्या सरकारलाही तिला हात लावणे परवडले नाही. त्याच वर्षी न्यायमूर्ती एमेट हॉल यांच्या आयोगाने देशव्यापी योजनेची शिफारस केली. १९६६ मध्ये केंद्रीय कायदा झाला आणि १९७२ पर्यंत सारा कॅनडा या योजनेत आला.

म्हणून विरोधकांची शंका निराधार ठरली काय? तसेही नाही. शस्त्रक्रियेसाठीची दीर्घ प्रतीक्षा हे त्या व्यवस्थेचे दुखणे होऊन बसले. २००५ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने क्वेबेक प्रांताची खासगी विम्यावरील बंदी चार विरुद्ध तीन मतांनी अवैध ठरवली, ती याच प्रतीक्षेच्या प्रश्नावरून.

सज्जनहो, विरोधातील भय आणि विरोधातील शंका यांची गल्लत करणारे शासन दोन्हींकडून हरते. भयाला उत्तर अनुभवाने मिळते. योजना चालू लागली की ते आपोआप ओसरते. शंकेला उत्तर कायद्याच्या कलमातच द्यावे लागते. सास्काचेवानच्या शासनाने ते दिले, पण तेवीस दिवस दवाखाने बंद राहिल्यानंतर. तेच उत्तर कायदा करतानाच दिले असते, तर त्या तेवीस दिवसांची झळ रुग्णांना बसली नसती.