रानातील छायाचित्रे रानातच पाहावयाची तर

रात्री पाणवठ्यावर कोण येऊन गेले हे पूर्वी सकाळी चिखलातील पावलांवरून ओळखावे लागे. जाणत्या वनमजुरास तेवढे पुरे होई. इतरांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावयाचा. हल्ली तेच काम झाडाच्या बुंध्यास बांधलेली एक लहानशी पेटी करते. समोरून उष्ण देहाचे काही हलले की ती आपण होऊन छायाचित्र घेते, त्यावर तारीख व वेळ उमटविते आणि पुन्हा निपचित पडून राहते. तिला कॅमेरा ट्रॅप म्हणतात. सापळा खरा, पण त्यात प्राणी सापडत नाही, त्याची छबी सापडते. ती छबी ज्या चिमुकल्या कार्डावर साठते, ते कार्ड मात्र नुसत्या डोळ्यांना काहीच सांगत नाही. ते वाचावयास दुसरे यंत्र लागते. ते यंत्र कोणते असावे, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु त्याचा निर्णय चुकला तर महिन्याचे काम फुकट जाते, आणि क्वचित् प्रसंगी त्याहून अधिक काही जाते.

ह्या पेटीचे पूर्वज बरेच जुने आहेत. अमेरिकेत जॉर्ज शिरास नावाच्या गृहस्थाने, प्राण्याचा दोरीस धक्का लागताच लख्ख प्रकाश पडून चित्र निघावे अशी योजना केली होती. १९०६ च्या जुलै महिन्यात नॅशनल जिऑग्राफिक मासिकाने त्याची ७४ छायाचित्रे एकाच अंकात छापली. हिंदुस्थानात वनखात्यातील अधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन ह्यांनी वाघाच्या वाटेवर तार आडवी लावून वाघाकडूनच त्याचे चित्र काढविले, आणि १९२७ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १९९० नंतरच्या दशकात कर्नाटकातील नागरहोळेच्या अरण्यात डॉ. उल्लास कारंथ ह्यांनी, प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात ह्या गोष्टीचा आधार घेऊन, छायाचित्रांवरून वाघांची संख्या अजमावण्याची शास्त्रीय रीत आपल्या देशात रुजविली. ह्या सर्वांना एक अडचण समान होती. काच असो वा फिल्म असो, ती धुतल्यावाचून आत काय आहे हे कळत नसे. कॅमेऱ्याचे तोंड वाकडे झाले असले तर ते कळेपर्यंत वाघ आपल्या वाटेने निघून गेलेला असे.

आता ती अडचण उरली नाही. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले आणि त्यांनी ३,४८,५८,६२३ छायाचित्रे घेतली. त्यांपैकी वाघाची होती ७६,६५१. म्हणजे साधारण साडेचारशे छायाचित्रे उलटावीत तेव्हा एक वाघ! बाकी हरणे, गायीगुरे, माणसे आणि वाऱ्याने हलणारे गवत. इतका पसारा रानात उभ्या उभ्या पाहणे कोणाच्याही शक्तीबाहेरचे आहे, आणि ते करावयाचेही नसते. निवड व मोजणी मागाहून तळावर संगणकावर होते. प्राण्यांच्या जाती वेगळ्या काढावयास व पट्टे जुळवावयास त्यासाठीच तयार केलेल्या आज्ञावल्या आहेत.

मग रानात पाहावयाचे ते काय? हे एकदा नीट ध्यानात आले की यंत्राची निवड सोपी होते. रानात प्राणी पाहावयाचा नसतो, कॅमेरा पाहावयाचा असतो. वाघाच्या डाव्या कुशीवरील पट्टे उजव्या कुशीवरील पट्ट्यांशी जुळत नाहीत. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंस गुडघ्याएवढ्या उंचीवर एकेक कॅमेरा लावून दोन्ही कुशी एकाच वेळी टिपावयाच्या असतात. त्यांतला एक जरी वानराने ओढून आभाळाकडे वळविला, तरी जोडी मोडली. कोळ्याने भिंगावर जाळे विणले, रात्रीची चित्रे धुरकट येऊ लागली, घड्याळ मागे पडले, कॅमेरा इतका वर बांधला गेला की वाघाची नुसती पाठच आली, समोरचे गवत वाढून दिवसभर रिकामी चित्रे निघत राहिली: हे सर्व दोष पहिले चित्र, शेवटचे चित्र आणि मधली आठदहा चित्रे पाहिली म्हणजे उघडे पडतात, व तेथल्या तेथे दुरुस्त होतात. त्याहूनही मोलाची तपासणी कॅमेरा बांधतानाची. एकाने ओणवे होऊन वाघाच्या उंचीने समोरून चालत जावे, मग कार्ड काढून ते चित्र पाहावे. चालणारा मनुष्य डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत आला तर बांधणी बरोबर. ह्या ओणव्या चालीचे रानात हसे होते खरे, पण ती टाळणारा पुढे हसण्याच्या स्थितीत नसतो.

ह्या कामास पुरे पडणारी साधने तीनचार प्रकारची आहेत. काही कॅमेऱ्यांच्या पोटातच लहानसा पडदा असतो. तो असेल तर इतर कशाची गरज नाही. मात्र तसले कॅमेरे महाग, आणि पडदा इतका बारका की कोळ्याचे जाळे व सकाळचे धुके ह्यांतील भेद चष्मा लावूनही कळू नये. मांडीवरचा संगणक उत्तम दाखवितो, परंतु तो खांद्यावर वाहून आठ कोस चालणाऱ्यास त्याचे गुण सांगू नयेत. त्याची जागा तळावर. कित्येकजण घरात पडून असलेला जुना डिजिटल कॅमेरा बरोबर नेतात व त्यात कार्ड घालून पाहतात. युक्ती काटकसरीची आहे, पण एका घराण्याचा कॅमेरा दुसऱ्या घराण्याने काढलेले चित्र पुष्कळदा दाखवीत नाही; नुसते आडमुठे उत्तर देतो की हे चित्र दाखविता येत नाही. जावयाच्या आधी घरी एकदा करून पाहावे. छायाचित्रे दूरसंदेशाने थेट घरी पाठविणारे कॅमेरेही निघाले आहेत. शेताच्या बांधावर ते चालतील. जेथे मोबाइलचा संदेशच पोचत नाही अशा दरीत ते मुके.

उरले दोन: मोबाइल फोन व कार्ड वाचणारी चीप असलेला त्याचा जोड, आणि दुसरे म्हणजे केवळ कार्ड पाहण्यासाठीच केलेले हातात मावणारे दर्शक यंत्र. शहरातील मनुष्य विचारील की फोन प्रत्येकाच्या खिशात असताना दुसरे यंत्र विकत घ्यावे कशास? प्रश्न वाजवी आहे. फोनचा पडदा मोठा व स्वच्छ. त्याचा जोड स्वस्त. फोनच्या खाचेशी जुळणारा घेतला म्हणजे झाले. आयफोनची खाच २०२३ पासून इतरांसारखी झाली, त्यापूर्वीच्यांस निराळा जोड लागतो. ऊन हा मात्र फोनचा मोठा शत्रू. आयफोनच्या निर्मात्यांनी आपला फोन ० ते ३५ अंश उष्णतेत वापरावा असे सांगून ठेवले आहे. चंद्रपूरचा मे महिना पंचेचाळीस अंशांची सीमा ओलांडतो. तापलेला फोन पडदा मंद करतो, कधी कधी बंदच पडतो, आणि ज्याच्या आधारे वाट शोधावयाची व हाक मारावयाची ते साधनही त्याबरोबर जाते.

परंतु फोनविरुद्ध खरा आक्षेप उन्हाचा नाही. फोन पाहतो तेवढेच करून थांबत नाही, तो पाठवितो. चित्र पडद्यावर आले की बोट आपोआप पुढे सरकते, आणि क्षणात ते चाळीसजणांच्या गटात जाऊन पडते. वाघाचे चित्र अमुक ओढ्यावरचे, अमुक रात्रीचे, असे सांगत फिरू लागले की ते कोणाकोणाच्या हाती पडेल ह्याचा नेम राहत नाही. शिकाऱ्यास ह्याहून चांगली बातमी कोण देणार?

आणि कॅमेरा केवळ वाघासच टिपत नाही. सरपण, गवत, कंदमुळे आणावयास रानात जाणाऱ्या बायाही त्याच्यासमोरून जातात. कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील गावांत केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकाने केलेल्या पाहणीचा वृत्तांत २०२४ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाला. अशाच कॅमेऱ्यात उमटलेले एका स्त्रीचे अर्धवस्त्र चित्र तेथील स्थानिक गटांतून फिरविले गेले होते. ती स्त्री रानात आडोशास गेलेली होती. गावकऱ्यांनी चिडून हाती लागतील ते कॅमेरे फोडले व जाळले. एरवी रानात गात, मोठ्याने बोलत जाणाऱ्या तेथील बाया कॅमेऱ्यांच्या धाकाने आवाज खाली ठेवू लागल्या, असेही त्या पाहणीत आढळले. आणि वाघाच्या रानात माणसाचा आवाज हेच माणसाचे पहिले संरक्षण असते. पेटी बसविणारांचा हेतू कितीही शुद्ध असला तरी त्या बायांस ह्याची भरपाई कोण देणार?

म्हणून दर्शक यंत्राचा जो उणेपणा दुकानदार सांगतो, तोच त्याचा मोठा गुण आहे. त्यास बोलता येत नाही. चार-साडेचार इंचांचा पडदा, कार्डाची एक खाच, पुढेमागे जावयाच्या कळा, आत विजेची पेटी, बस्स. जे दिसले ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुरते राहते आणि कार्ड पाकिटात बंद होते. स्वतःच्या आंबराईत किंवा काजूबागेत बिबट्या येतो की काय हे पाहू इच्छिणाऱ्या गृहस्थासही हेच यंत्र बरे. कारण त्याच्या कॅमेऱ्यापुढूनही शेजारपाजारची माणसे जातातच. (अभयारण्यात असले कॅमेरे खात्याच्या परवानगीवाचून कोणास लावता येत नाहीत, हे सांगावयास नको.) फोनच वापरावयाचा असेल तर तो एका मनुष्याचा, एका कामाचा व संदेशयंत्रणा बंद केलेला असावा. एवढे पथ्य पाळणारे विरळा.

दर्शक यंत्र घेताना तीन गोष्टी विचाराव्या. ते किती मोठे कार्ड वाचते? ३२ गिगाबाइटपर्यंतची कार्डे एका रीतीने आखलेली असतात, त्यावरची दुसऱ्या रीतीने. स्वस्त यंत्रे पुष्कळदा पहिलीच रीत जाणतात. आपला कॅमेरा चलच्चित्र घेत असेल तर ते ह्या यंत्रावर चालते का? आणि दुपारच्या उन्हात पडद्यावर काही दिसते का? तिसऱ्याचे उत्तर दुकानात मिळत नाही. यंत्र दाराबाहेर नेऊन पाहावे.

पाहावयाचे कसे, हेही पाहण्याइतकेच महत्त्वाचे. २०२१ च्या नोव्हेंबरात ताडोब्याच्या गाभ्यात, व्याघ्रगणनेसाठी पायी खुणांची पाहणी करीत असता एका स्त्री वनरक्षकावर वाघिणीने झडप घातली व त्यात त्या मृत्यू पावल्या. त्या प्रसंगात कॅमेऱ्याचा संबंध नव्हता. पण जेथे वाघ नित्य जातो अशीच वाट कॅमेऱ्यासाठी निवडतात, आणि त्या वाटेवर मान खाली घालून उजळ पडद्यात गुंग झालेला मनुष्य आसपासचे काहीएक ऐकत नाही. एकाने पाहावे, दुसऱ्याने पहारा करावा. दोन-तीन मिनिटांत उरकावे. प्रत्येक कॅमेऱ्यास दोन कार्डे ठेवली म्हणजे हे साधते. भरलेले काढावयाचे, रिकामे घालावयाचे, निवडक चित्रे पाहावयाची आणि कॅमेऱ्याचा क्रमांक घातलेल्या पाकिटात कार्ड टाकावयाचे. निरुपयोगी दिसणारी चित्रे तेथे पुसावयाची नाहीत, कारण घाईच्या बोटास गवत आणि गवतातील शेपूट सारखीच. फोनने वा संगणकाने 'हे कार्ड नव्याने आखू काय?' असे नम्रपणे विचारले, तर त्यास कधीही हो म्हणू नये.

मोठ्या आकाराच्या एसडी कार्डाच्या कडेस एक इवलासा खटका असतो. तो खाली ओढला की कार्ड वाचता येते, पण त्यावर काही लिहिता वा पुसता येत नाही. नखाएवढ्या कार्डास खटका नसतो, त्याच्या खोळीस असतो. बहुतेक यंत्रे ह्या खटक्याचा मान राखतात, काही राखीत नाहीत. तेव्हा एखाद्या निकामी कार्डावर आधी अजमावून घ्यावे. कार्ड कॅमेऱ्यातून बाहेर येताच खटका खाली, मग दर्शकात. चालीच्या तपासणीपुरते काढलेले कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात जावयाचे असेल तर खटका आधी वर करावा, पेटी मिटण्यापूर्वी जोडीदाराने तो एकदा पाहावा, आणि मग कुलूप लावावे. तो खालीच राहिला तर कॅमेरा पुढचे पंचवीस दिवस डोळे उघडे ठेवून बसतो व एकही अक्षर लिहीत नाही.