वाट पाहणाऱ्यांचा आनंद

सिल्वासा येथील जुने चर्च ‘पिएदाद’च्या मातेला, म्हणजे करुणामयी मरियेला, अर्पण केलेले आहे. १९व्या शतकाच्या अखेरची ही पोर्तुगीज धाटणीची वास्तू. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून मुक्त झाले आणि ती राजवट येथून गेली. पुढे १९६१ मध्ये दादरा व नगरहवेली भारतात विलीन झाले. आज या शहराभोवती कारखान्यांचे जाळे पसरले असून दूरदूरच्या प्रांतांतील कामगार येथे येऊन राहिले आहेत. चर्च मात्र जागच्या जागी उभे आहे, आणि त्याचे नावही तेच आहे.

या नावाचा अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. ख्रिस्ती कलेत ‘पिएदाद’ या शब्दाने एक ठरावीक चित्र सुचविले जाते. क्रूसावरून उतरविलेला आपला मृत पुत्र मांडीवर घेऊन बसलेली आई, असे ते चित्र. डिसेंबर उजाडला की याच मातेच्या चर्चमध्ये तिच्या पुत्राच्या जन्माची वाट पाहिली जाते. जन्माची आशा आणि मरणाची आठवण एकाच छपराखाली नांदतात. वरवर पाहणाऱ्यास ही विसंगती वाटेल. परंतु ख्रिस्ती धर्म ज्या आनंदाची भाषा बोलतो तो कोणत्या जातीचा आहे, हे समजून घ्यावयास याहून योग्य जागा क्वचितच सापडेल.

नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या या काळास मराठी ख्रिस्ती लोक ‘आगमनकाळ’ म्हणतात. ३० नोव्हेंबर या संत आंद्रेयाच्या सणाच्या जवळात जवळ येणारा रविवार हा त्याचा आरंभ. हा काळ सणाचा नव्हे, सणाच्या तयारीचा आहे. धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी असतात आणि रविवारच्या मिस्सामध्ये एरवी गायिले जाणारे गौरवगीत या दिवसांत गात नाहीत. बाजार नोव्हेंबरातच नाताळ साजरा करू लागतो आणि २६ डिसेंबरला दिवे उतरवितो. चर्चचा क्रम नेमका उलटा. तेथे नाताळचा काळ सुरूच २५ तारखेला होतो, आणि त्याआधी असते ती प्रतीक्षा.

वाट पाहणे हे महाराष्ट्राला काही नवे नाही. वारकऱ्यांचे टाळ आळंदीहून निघतानाच वाजू लागतात. पंढरपूर दृष्टीस पडेपर्यंत ते मुके राहत नाहीत. ज्याच्याकडे जावयाचे त्याच्यावर भरवसा असला म्हणजे वाटचालीतच अर्धे दर्शन घडते. आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी असेच काहीसे होते. त्या एका दिवसापुरता जांभळा रंग बाजूस ठेवून गुलाबी वस्त्रे वापरण्याची प्रथा आहे. या रविवारास ‘गौदेते’ म्हणतात. हा लॅटिन शब्द असून ‘आनंद करा’ ही त्यातील आज्ञा संत पौलाने फिलिप्पै येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रातून घेतलेली आहे.

ते पत्र लिहिले गेले तुरुंगात. सुटका होईल की शिरच्छेद, हे पौलास ठाऊक नव्हते. आणि आनंद करा असे तो लिहितो ते बाहेर मोकळ्या हवेत वावरणाऱ्या माणसांना! आताच्या वाचनक्रमात तीन वर्षांतून एकदा या आनंदाच्या रविवारी शुभवर्तमानातील आणखी एका बंदिवानाची कथा वाचली जाते. हा बंदिवान म्हणजे बाप्तिस्मा करणारा योहान. ज्याच्यासाठी त्याने सारे आयुष्य वेचले, तो येणारा हाच की दुसऱ्या कोणाची वाट पाहावयाची, अशी पृच्छा तो कोठडीतून आपल्या शिष्यांकरवी येशूकडे करतो. चर्चने आनंदाच्या दिवशी शंकाकुल माणसाची कथा वाचावी, यात मोठे शहाणपण आहे. शंका आली म्हणून आनंदाचा अधिकार गेला, असे समजण्याचे कारण नाही.

येथे सुख आणि आनंद यांत भेद करावयास हवा. सुख परिस्थितीच्या बोटाला धरून चालते. पगार वाढला, पीक साधले, मुलगा परीक्षेत उत्तीर्ण झाला, की सुख होते. ते खोटे असते असे नव्हे. पण बोट सुटले की ते हरवते. पौलाचा आनंद परिस्थितीवर उभा नाही. आपण कोणाचे आहोत या खात्रीवर तो उभा आहे. ‘प्रभू समीप आहे’ हा आगमनकाळाचा आशय म्हणजे तीच खात्री होय. मात्र ही खात्री मागितल्या क्षणी हाती पडत नाही. ती कशी येते, हे महाराष्ट्रातील एका स्त्रीच्या चरित्रावरून पाहता येते.

पंडिता रमाबाईंनी १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गमावली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी गेले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी इंग्लंडमधील वाँटेज येथे कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. सर्वसाधारण चरित्रकथा येथे संपली असती. दुःखी स्त्रीला धर्म भेटला आणि शांती लाभली, असे म्हणून लेखक मोकळा झाला असता. रमाबाई स्वतः तसे म्हणत नाहीत. १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी स्पष्ट सांगितले आहे की बाप्तिस्म्याने त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता. पुढची सुमारे आठ वर्षे हा शोध चालू राहिला. त्या अमेरिकेस जाऊन आल्या, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदासदन उघडले, मनुष्याने करावे तेवढे सारे केले. अंतर्यामीची पोकळी मात्र तशीच राहिली. १८९१ च्या सुमारास ती भरली, आणि मिळालेल्या या धनाला त्यांनी निवेदनाच्या शीर्षकातच ‘अक्षय’ म्हटले. या आठ वर्षांना रमाबाईंचा आगमनकाळ म्हणावयास हरकत नसावी.

हा आनंद कसास लागावयास फार दिवस लागले नाहीत. १८९३ मध्ये पुण्यात धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली शारदासदनातून काढून नेल्या. त्या वादात दोन्ही बाजूंचे म्हणणे समजून घेण्याजोगे आहे, पण तो निराळा विषय झाला. रमाबाईंनी काम सोडले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली व स्त्रिया घेऊन परतल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातूनच वाढले. ज्या दुष्काळाने स्वतःचे घर नाहीसे केले होते, त्याच्याच तडाख्यात सापडलेल्यांना त्यांनी घर दिले. अंगी मुरलेला आनंद बहुधा अशाच कामांतून ओळखू येतो. चेहऱ्यावरील हास्य ही त्याची फारशी भरवशाची खूण नव्हे.

नाताळाच्या तोंडावर ज्यांच्या घरात एक जागा नुकतीच रिकामी झाली आहे, त्यांना आनंद करण्याचा उपदेश क्रूर वाटण्याचा संभव असतो. अशांनी रडू आवरून गाणे म्हणावे, अशी अपेक्षा आगमनकाळ करीत नाही. सिल्वाशाच्या चर्चमधील मातेनेही आपले दुःख लपविलेले नाही; ते मांडीवर घेऊनच ती बसली आहे. दुःख असलेल्या घरातही एक दिवा लावावा, शेजारच्या गरजवंताकडे एक ताट पाठवावे, प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर मुकाट बसावे, इतके केले तरी पुरे.

रमाबाईंनाही अखेरीस हेच प्राप्त झाले. ज्या मनोरमेला कडेवर घेऊन त्यांनी परदेशची वाट धरली होती, ती त्यांची एकुलती एक कन्या जुलै १९२१ मध्ये वारली. रमाबाई त्या वेळी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. त्यांनी ते काम थांबविले नाही. ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी केडगाव येथे देह ठेवला. हा ग्रंथ १९२४ मध्ये मुक्तिसदनाच्या छापखान्यातून बाहेर पडला. त्याच्या छपाईसाठी राबणारे हात तेथील आश्रित स्त्रियांचे होते.