गोधडी : मायेपलीकडचा आनंद



या व्याख्यानमालेत आजवर शिक्षण, संतवाङ्मय, सीमाभागातील मराठी अशा भारदस्त विषयांवर विचार मांडले गेले आहेत. 'गोधडी' हा विषय मी कळवला, तेव्हा चिटणिसांनी पुन्हा एकदा दूरध्वनी करून तो नीट ऐकू आला आहे ना, याची खात्री करून घेतली. त्यांचा दोष नाही. चाळीस वर्षे मराठीचे अध्यापन केलेल्या बाईने सुईदोऱ्यावर बोलावे, हे मलाही काही वर्षांपूर्वी विचित्रच वाटले असते.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या बाईंनी मला पाचवीपासून आठवीपर्यंत शिवण शिकवले. आमच्या वेळी मुले मैदानावर कवायतीला जात आणि आम्ही मुली नमुन्यांच्या वह्या घेऊन बसत असू. धावदोरा, उलटी टीप, तुरपाई, काजे यांचे वीतभर तुकडे त्या वहीत चिकटवायचे. बाई तुकडा हातात घेत आणि सुलट बाजूकडे न पाहता आधी तो उलटा करीत. मागच्या बाजूला गाठींचा गुंता दिसला की एक शब्द न बोलता तुकडा परत. मला या तासाचा मनस्वी कंटाळा होता. मी पुस्तकातली मुलगी होते आणि शिवणाचे गुण वार्षिक टक्केवारीत धरत नाहीत, हे मला फार लवकर कळले होते.

आपल्या बेळगाव भागात या वस्तूला नावे तरी किती! कोल्हापूरकडून आलेली माणसे वाकळ म्हणतात, कानडी शेजारीण कौदी म्हणते, शिकलेली घरे गोधडी म्हणतात. माझी आई कौदीच म्हणे. मोल्सवर्थच्या कोशात गोधडी आणि वाकळ दोन्ही आहेत. पण ती शिवताना लागणारे शब्द कोशापेक्षा सोप्यावर अधिक ऐकू येत.

उन्हाळ्यात पापड-कुरडया उरकल्या की आमच्या सोप्यात कौदी पसरली जाई. जूनचा पाऊस लागण्यापूर्वी ती संपवायची असे. खाली एक जुने इरकली लुगडे ताणून अंथरायचे आणि कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, जे हाताशी असेल ते वजन ठेवायचे. त्यावर विरलेली धोतरे, फाटक्या चादरी, परकरांचे घेर यांचे थर. एकही सुरकुती राहता कामा नये. आत राहिलेली सुरकुती पुढे कित्येक वर्षे पाठीला टोचते. वर दुसरे लुगडे आणि त्यावर रंगीत तुकड्यांची मांडणी, प्रत्येकाची कड आत दुमडून. आधी मोठे कच्चे टाके घालून थर जागेवर बसवायचे. मग कडेपासून सुरुवात करून, चौकोनाच्या आत चौकोन घेत, धावदोऱ्याने मध्यापर्यंत यायचे. दोन ओळींत बोटभर अंतर. दोरा घट्ट ओढला तर कापड आक्रसते, सैल सोडला तर धुताना थर सरकतात. वापरून मऊ झालेलेच कापड का घ्यायचे, याचे उत्तरही इथे मिळते : कोऱ्या कापडाची खळ सुईला जाऊ देत नाही, आणि असे अनेक थर एकावर एक आले की बोटे सोलवटून निघतात.

आता मला जे म्हणायचे आहे ते म्हणते. गोधडी म्हटले की आपल्याकडे 'मायेची ऊब' हे दोन शब्द आपोआप येतात. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून मी ते शेकडो वेळा तपासले आहेत आणि वर्गात अनेकदा स्वतः उच्चारलेही आहेत. ते खोटे नाहीत. पण ते अपुरे आहेत, आणि थोडे अन्यायाचेही आहेत. गोधडीचे सारे श्रेय मायेला दिले की ती शिवणाऱ्या बाईची दृष्टी, तिची निवड, तिची हौस यांचा हिशेबच उरत नाही. माझी आई आमसुली तुकड्याशेजारी हळदी तुकडा ठेवी, दोन पावले मागे सरून पाही, मान हलवी आणि तो उचलून तिथे चिंतामणी रंगाचा ठेवी. शिवून झालेली ओळसुद्धा ती उसवी. तुकडे कोणत्याही क्रमाने लावले असते तरी आम्हा भावंडांना थंडी तितकीच कमी वाजली असती. मग ती उसवाउसव कोणासाठी होती?

ती तिच्यासाठी होती, हे कळायला मला आयुष्यातली बरीच वर्षे घालवावी लागली. पदव्युत्तर शिक्षणासाठी मी धारवाडला निघाले, तेव्हा आईने नवी कौदी बांधून दिली. वसतिगृहातल्या मुलींकडे रजया आणि सोलापुरी चादरी होत्या. चिंध्यांचे पांघरूण घेऊन त्यांच्यात झोपायची मला लाज वाटली. पहिल्या शिष्यवृत्तीतून मी चादर विकत घेतली आणि कौदी चौघडी करून ट्रंकेखाली घातली, फरशीला चरे पडू नयेत म्हणून. काही महिन्यांनी आई न कळवता भेटायला आली. तिला ती दिसली. मी काही सबब जुळवू लागले. तिने कौदीचा एक कोपरा उचलून खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "हा जांभळा इथं चुकलाच. रात्री कंदिलाच्या उजेडात लावला होता." एवढेच. त्या वेळी मला वाटले, की ती मनाला लागलेले झाकते आहे. लागले असेलच. पण आज वाटते, की ती खरोखर त्या जांभळ्याविषयीच बोलत होती, आणि ते बोलणे ऐकण्याइतकी माझी तयारी नव्हती. ती कौदी पुढे कोठे गेली, हे मला सांगता येत नाही.

आम्हा भाषेच्या अभ्यासकांचा एक दोष असा, की शब्दांत आलेले तेवढेच आम्हाला दिसते. बायकांनी जात्यावर गायिलेल्या ओव्या लोकांनी मोलाच्या मानल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रयत्नांतून जमलेल्या ओव्यांची संख्या लाखावर गेली. हे फार मोठे काम आहे. पण पहाटे ओवी गाणारी तीच बाई दुपारी गोधडी घालीत असे आणि तिथे ती गप्प असे, म्हणून आम्ही तिकडे फिरकलो नाही. संत नामदेव शिंपी कुळातले. गुरुग्रंथसाहिबात त्यांची जी पदे आहेत, त्यांतल्या एकात गज, कातर, सुई, दोरा अशी शिंप्याची सारी अवजारे येतात. ते पद मी वर्गात अनेकदा शिकवले. रूपक उलगडून सांगताना सुई मात्र नेहमी रूपकातलीच राहिली. गाडगेमहाराजांना लोक गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत, हेही सांगितले. पण ती ठिगळे कोणी लावली असतील, असा प्रश्न वर्गातल्या कोणी विचारला नाही आणि मलाही सुचला नाही.

शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ आणि यल्लापूरच्या रानात, सिद्दी समाजाची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. पोर्तुगीजांच्या काळात त्यांतल्या अनेकांना गुलाम म्हणून गोव्यात आणले गेले. आज ते जी कोकणी बोलतात, ती आपल्याला बरीचशी समजते. २००३ साली त्यांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. या समाजातल्या बायका जी गोधडी शिवतात तिला कवंद म्हणतात. तीही कडेपासून आत शिवत नेतात. पण तिचे वेगळेपण कोपऱ्यांत आहे. चारही कोपऱ्यांवर कापडाचे त्रिकोण दुमडून, एकावर एक बसवून लावतात; त्यांना फुले म्हणतात. फुलांवाचून कवंद पुरी झाली असे त्या मानीत नाहीत. आता या फुलांनी ऊब तसूभरही वाढत नाही. ती पांघरणाऱ्याच्या पायाशी किंवा उशाशी असतात, अंधारात दिसतही नाहीत. तरीही त्यांच्यावाचून काम अपुरे! ज्यांच्या वाट्याला इतके थोडे आले त्या बायकांनी सौंदर्याचा हा हट्ट सोडला नाही. माझ्या आईच्या जांभळ्या तुकड्याचे मला मिळालेले हे सर्वांत चांगले भाष्य.

माझ्या स्वतःच्या हातात सुई आली ती निवृत्तीनंतर, आणि तीही डोळ्यांमुळे. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढल्यावर पट्टी सुटली, तेव्हा खिडकीवरचा पडदा निळा आहे, हे मला नव्याने कळले. पिकलेल्या भिंगातून सारे जग पिवळट दिसत असते आणि निळा रंग सर्वांत आधी मावळतो. मी कपाट उघडून जुन्या साड्या नुसत्या पाहत बसले. मोरपंखी, अंजिरी, डाळिंबी, अबोली, कुसुंबी. हे शब्द मला येत होते. रंग मात्र विसरले होते.

एकदम गोधडी घालण्याची छाती नव्हती. प्रथम खणाच्या तुकड्यांचा बटवा केला. त्याची नाडी ओढली की तोंड एका बाजूला जाई. मग उशीचे अभ्रे, दाराचे तोरण, पंचांगाला कव्हर. शहापुरातल्या एका शिंप्याने कातरणांचे गाठोडे देऊ केले आणि पैसे घेण्यास नकार दिला. नातीच्या वेळी बाळंतविडा करायला घेतला : कुंची, टोपडे, झबले, लाळेरे, दुपटे. कुंचीच्या मागच्या चुण्या तीनदा उसवल्या. शेजारच्या कानडी बाई रोज दुपारी येऊन बसत. त्यांनी मला थर ताणून बसवायला शिकवले आणि मी त्यांना साखळी टाका. मला कानडी वाचता येते, त्यांना मराठी समजते. पण त्या दुपारी आम्ही बोलत असू ते बहुतेक रंगांविषयी, आणि बोटाने दाखवून.

एक संपूर्ण प्रबंध लिहून झाल्यावर जे समाधान मिळाले होते, ते मला आठवते. त्यात 'आता मान्यता मिळेल ना' ही धाकधूक मिसळलेली होती. दुपट्याच्या मध्यावर शेवटची गाठ मारली तेव्हा परीक्षक कोणीच नव्हते. एक केशरी तुकडा पोपटीशेजारी अगदी हवा तसा बसला होता. मी दिवा लावून रात्री पुन्हा एकदा उठून तो पाहिला. सत्तरी ओलांडलेल्या बाईने असे करावे का, हे मला ठाऊक नाही, मी केले.

आजकाल शहरांतल्या प्रदर्शनांत गोधड्या चांगल्या किमतीला विकल्या जातात. त्याविषयी नाक मुरडणारे मला पटत नाहीत; शिवणाऱ्या बाईच्या हातात दाम पडत असेल तर आनंदच आहे. मात्र तुकड्यांची मांडणी दुसऱ्याने कागदावर काढून द्यायची आणि तिने फक्त टाके घालायचे, अशी वाटणी झाली, तर तिच्या कामातला सर्वांत आवडीचा भाग आपण काढून घेतला, असे मी म्हणेन.

ते दुपटे मी आज नातीकडून उसने मागून आणले आहे. बाहेर ग्रंथालयाच्या मेजावर ठेवले आहे. कार्यक्रमानंतर ज्यांना पाहायचे त्यांनी अवश्य पाहावे आणि हातात घ्यावे. उलटी बाजूही पाहावी. डावीकडच्या कोपऱ्यात तीन गाठी राहिल्या आहेत. बाईंनी ते परत केले असते.