पुढचं पुस्तक
(रेडिओवरील भाषण)



१९२७ सालच्या मे महिन्यात आमच्या बदलापुरात शिवजयंतीचा उत्सव झाला. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे शिवजन्माला तीनशे वर्षं पूर्ण होत होती, त्यामुळे गावोगावी धामधूम होती. बदलापूरकरांनी अध्यक्ष म्हणून बोलावलं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना. महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन त्यांना जेमतेम दीड महिना झाला होता. सनातनी मंडळी खवळलेली होती आणि कल्याणपलीकडच्या या लहानशा गावानं बाबासाहेबांना मानाची खुर्ची दिली. मी याच बदलापुरात, स्टेशनच्या पश्चिमेला हेंद्रेपाड्यात राहतो. ही हकीकत वाचून गावाचा अभिमान वाटलाच. पण माझं मन गेलं ते त्या उत्सवात नसलेल्या एका माणसाकडे. शिवाजी महाराजांचं मोठं चरित्र मराठीत लिहिणारे कृष्णाजी अर्जुन केळुस्कर. शाळकरी वयाच्या भीमरावाला, म्हणजे पुढच्या बाबासाहेबांना, एका बागेत गाठून ज्यांनी पुस्तकं दिली, तेच हे केळुस्कर गुरुजी. आज मी त्यांच्याविषयी बोलणार आहे. थोडं हेंद्रेपाड्याविषयीही बोलेन, पण ते मागाहून.

केळुस्करांचा जन्म १८६० चा, गाव वेंगुर्ल्याजवळचं केळूस. मुंबईत शिक्षकी केली आणि आयुष्यभर लेखणी चालवली. मुंबईत चर्नी रोड स्टेशनला लागून एक बाग आहे. आज तिला स. का. पाटील उद्यान म्हणतात. केळुस्कर तिथं वाचत बसायचे. तिथंच त्यांना एक मुलगा दिसू लागला. शाळा सुटली की यायचा, एका जागी बसायचा आणि पुस्तकात डोकं खुपसायचा.

हा मुलगा जन्मजात बुजरा नव्हता, हे लक्षात घ्या. साताऱ्याला असताना तो चांगला खोडकर होता. शाळा चुकवून भटकायचा, मारामाऱ्या करायचा. मग मुंबईत असा गप्प, एकटा बाकावर का? १९०४ च्या सुमारास त्याचे वडील रामजी सुभेदार मुलांना घेऊन मुंबईला आले, परळच्या डबक चाळीत एका खोलीत बिऱ्हाड केलं आणि मुलाला एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये घातलं. नावाजलेली सरकारी शाळा. एके दिवशी मास्तरांनी भीमरावाला फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं, तर वर्गात एकच गलका झाला. फळ्यामागे पोरांचे जेवणाचे डबे ठेवलेले असत. याची सावली पडून डबे बाटतील म्हणून सगळे धावले, डबे बाजूला काढले आणि मगच याला खडू हातात धरता आला. संस्कृत शिकायचं होतं, तेही शिकू दिलं नाही. नाइलाजानं फारशी घ्यावी लागली.

आपण फार पटकन म्हणतो, ‘आमचा मुलगा लाजरा आहे हो.’ जणू काही ते त्याच्या नाकाडोळ्यांसारखं जन्मताच आलेलं आहे. गप्प मूल दिसलं की आधी विचारावं, याला गप्प कोणी केलं? लाजाळू मुलं असतात, नाही असं नाही. पण माझ्या पाहण्यात गप्प केलेलीच जास्त आली.

घरी वडील काही कमी करत नव्हते. रामजींनी मुलाच्या वाचनापायी काय काय केलं, ते वाचताना गलबलायला होतं. खोली एवढीशी, झोपायला जागा नाही, म्हणून मुलाला आधी निजवायचं, स्वतः जागायचं आणि रात्री दोन वाजता त्याला उठवून अभ्यासाला बसवायचं. पुस्तकासाठी पैसे कमी पडले की लेकीच्या दारात उभं राहायचं, तिचा दागिना गहाण टाकायचा आणि पेन्शन आली की सोडवून परत द्यायचा. असा बाप असताना बागेतल्या परक्या माणसाची गरज काय होती?

गरज होती, आणि माझ्या मते ती अशी. घरच्यांचं कौतुक मुलं हिशेबात धरत नाहीत. आई-बाबा म्हणणारच छान, त्यात काय! पण ज्याचं आपल्याशी नातं नाही, ज्याला आपली गरज नाही, असा कुणी मोठा माणूस स्वतःचं वाचन थांबवून विचारतो की बाळ, तू कोण, काय वाचतोस, तेव्हा ते मूल पाठ सरळ करून बसतं. भर वर्गात ज्याच्या सावलीचं भय धरलं गेलं, त्याच्या शेजारी एक नामांकित लेखक येऊन बसतो. केळुस्करांनी मुलाची चौकशी केली, त्याला वाचायला पुस्तकं दिली, काय वाचावं याची दिशा दाखवली. वाच म्हणणारे पुष्कळ भेटतात. हे वाचून झालं ना, मग आता हे घे, असं म्हणणारा विरळा.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक पास झाला. गुण किती? ७५० पैकी २८२. आजच्या हिशेबानं आई-बापांनी शेजाऱ्यांना सांगायचं टाळलं असतं. पण त्या वस्तीसाठी, त्या समाजासाठी ती आक्रीत गोष्ट होती. सत्काराची सभा भरली, केळुस्कर बोलले आणि त्यांनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र मुलाला भेट दिलं. ही सभा मॅट्रिकनंतरची, असं चरित्रकार सांगतात. बाबासाहेबांनी स्वतः आठवण लिहिली तेव्हा इंग्रजी चौथीचा उल्लेख केला आहे. तो वाद अभ्यासकांनी सोडवावा. मला नवल वाटतं ते आठवणीच्या वेळेचं. ती लिहिली १९५६ साली, आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेसाठी. जवळजवळ पन्नास वर्षं उलटल्यावर, जगभरची पुस्तकं वाचून झाल्यावर, दादा केळुस्करांनी दिलेलं पुस्तक ते नावानिशी आठवतात.

आणि गुरुजी पुस्तक देऊन थांबले नाहीत. कॉलेजात इंटर झाल्यावर पैशांची ओढाताण सुरू झाली. बडोद्याचे सयाजीराव महाराज होतकरू दलित विद्यार्थ्यांना मदत करायला तयार होते. केळुस्करांनी त्यांच्या कानावर घातलं आणि मुलाला घेऊन ते स्वतः भेटीला गेले. महाराजांनी प्रश्न विचारले, मुलानं उत्तरं दिली, दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. एल्फिन्स्टन कॉलेजात म्यूलर नावाचे प्राध्यापक होते, त्यांनीही या मुलाला पुस्तकं दिली, कपडे दिले. पुढचं कोलंबिया, लंडन सगळ्यांना पाठ आहे. मी त्या भेटीपाशीच घोटाळतो. मुलाला ‘जा, भेटून ये’ म्हणता आलं असतं, चिठ्ठी देता आली असती. पण राजापुढे उभं राहायचं म्हणजे मुलाची छाती दडपणार, हे गुरुजींना कळत होतं. ते बरोबर गेले. उत्तरं मात्र मुलानं द्यायची होती, ती त्यानंच दिली.

आता हेंद्रेपाडा.

मी शिक्षक नाही. माझी नोकरी अंबरनाथच्या ऑर्डनन्समध्ये झाली. पुस्तकांचा नाद मात्र जुना. जुन्या बाजारातून, रद्दीतून, प्रदर्शनातून गोळा केलेली पुस्तकं तळमजल्यावरच्या आमच्या घरात मावेनाशी झाली होती. त्यात ‘किशोर’चे बरेच जुने अंक. बालभारती हे मासिक १९७१ पासून काढते आणि त्यातल्या गोष्टी अजून शिळ्या झालेल्या नाहीत.

२०१९ च्या जुलैमध्ये उल्हास नदीला मोठा पूर आला. महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती, तीच वेळ. आमच्या भागात पाणी शिरलं, आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे रात्र काढली. खाली येऊन पाहतो तर चिखल, आणि कपाटाचे खालचे दोन कप्पे पाण्यात भिजून फुगलेले.

त्या शेजाऱ्यांची मुलगी तेव्हा तिसरीत होती. आई-वडील दोघंही पहाटेच्या लोकलनं मुंबईला, घरी आजी. मूळचे खानदेशातले. मुलगी इतकी गप्प की जिन्यात समोर आली तर भिंतीला चिकटून उभी राहायची. तिच्या आईनं एकदा काकुळतीनं विचारलं होतं, ‘काका, हिला स्टेज डेअरिंग यायला काय करावं? क्लास लावू का?’ आपल्याकडे बुजऱ्या मुलावर हाच एक उपाय ठाऊक आहे, त्याला माईकपुढे उभं करायचं. जे मूल चार जणांत तोंड उघडत नाही, त्याला चारशे जणांत उघडायला लावायचं. पाण्याला भिणाऱ्याला थेट विहिरीत ढकलणारे आमच्या लहानपणी होते, त्यांतलाच हा प्रकार.

पुरानंतर आजीबरोबर ती खाली आली. मी पुस्तकं वाळवत होतो. भिजलेलं पुस्तक वाळवायचं म्हणजे चिकाटीचं काम. उन्हात टाकलं की कागद वेडावाकडा होतो. सावलीत, पंख्याखाली, एकेक पान सुटं करून मध्ये वर्तमानपत्राचा कपटा घालायचा, तो ओला झाला की बदलायचा. गुळगुळीत कागदाच्या पुस्तकांच्या विटा झाल्या, ती गेलीच. ‘किशोर’चे जुने अंक खरखरीत कागदावरचे, ते वाचवण्यासारखे होते. मी तिला कपटे घालायचं काम दिलं. बोलायची गरज नाही, लहान बोटं असली तर उत्तमच.

थोड्या वेळानं पाहिलं तर बाईसाहेबांचं काम पुढेच सरकत नव्हतं. एकच अंक मांडीवर, बोट ओळीवर, ओठ हलतायत. मी काही म्हणालो नाही. बऱ्याच वेळानं नुसतं विचारलं, ‘मग? पुढे काय झालं?’

ती म्हणाली, ‘पुढचं पान चिकटलंय.’

तिचं माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. ‘अरेरे,’ मी म्हटलं, ‘मग काय झालं असेल गं?’ तिनं सांगितलं. ओळखीच्या माणसाशी बोलावं तसं सांगितलं. गोष्टीत अडकलेल्या माकडाची सुटका छापलेल्या गोष्टीपेक्षा तिनंच जास्त चांगली केली असावी, असा माझा संशय आहे. पान शेवटपर्यंत सुटलं नाही, म्हणून खात्री करता आली नाही.

तिला गप्प कोणी केलं होतं, तेही पुढे कळलं. शाळेत मोठ्यानं वाचताना तिच्या तोंडून ‘शाळा’चं ‘शाया’ झालं, ‘डोळा’चं ‘डोया’. खानदेशात घरोघरी असंच बोलतात. वर्ग हसला, आणि थांबवायचं ज्यांच्या हातात होतं तेही हसले. त्यानंतर ती हजेरीलासुद्धा पुटपुटायची. श्रोतेहो, फळ्यामागचे डबे आणि हे हसू मी एका मापानं मोजत नाही. तो अपमान शतकांचा होता. पण आठ वर्षांच्या पोरीचा आवाज बंद पाडायला एवढंही पुरतं.

आमच्या घरी तिचं बरं जमलं, त्याचं श्रेय माझं नाही. आमची ही जळगावची. हिच्या माहेरी सगळे ‘शाया’च म्हणतात. ही मटार सोलत बसायची, मी एक पान वाचायचो, मग ती एक पान वाचायची. तिचा ‘ळ’ आम्ही कधीही दुरुस्त केला नाही. जोडाक्षरावर अडली तर थांबायचो. हे थांबणं सगळ्यांत अवघड. मोठ्या माणसाची जीभ शिवशिवते, शब्द पुरवावासा वाटतो. पुरवला की मूल पुढच्या वेळी आपल्या तोंडाकडे बघतं. तेव्हा आपण मटार सोलावेत. गोष्ट संपली की ‘तात्पर्य काय’ असंही विचारायचो नाही. कोण आवडलं, कोणाचा राग आला, एवढंच. रागावर मुलं भरभरून बोलतात. काही महिन्यांनी तिचा ‘ळ’ आपोआप आला, कारण पुस्तकात तो पानोपानी भेटत होता. शाळेत ती ‘शाळा’ म्हणते, आजीपाशी ‘शाया’. दोन्ही तिचेच.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. शाळाशाळांतून मुलं हातात पुस्तक धरून फोटोला बसतात. बसू देत, त्यात वाईट काही नाही. पण १६ ऑक्टोबरला त्या मुलाच्या हातात दुसरं पुस्तक कोण देणार, हे आधी ठरवावं. आमच्या बदलापुरात तर सबब सांगायला जागाच नाही. श्याम जोशी यांनी उभं केलेलं ग्रंथसखा वाचनालय याच गावातलं, दुर्मिळ मराठी पुस्तकं शोधत लोक लांबून तिथं येतात.

माझं कपाट त्या मुलीला एक दिवस पुरेनासं होणार, हे उघड होतं. केळुस्करांचा कित्ता समोर होताच. मी तिला घेऊन एका वाचनालयात गेलो. बरोबर गेलो, पण दारातल्या बाकड्यावर बसलो आणि वर्तमानपत्र उघडलं. अर्ज तिनं भरला, अनामत रक्कम तिनं मोजून दिली. मग काउंटरवर काहीतरी बोलाचाली सुरू झाली. तिथल्या ताईंनी तिला पुस्तक काढून दिलं होतं, आणि मुलगी ऐकेना. मी पेपर खाली केला.

‘ताई, हा दुसरा भाग आहे,’ ती सांगत होती. ‘मला पहिला पाहिजे. आणि तो कुणी नेला असेल तर कधी परत येणार, ते वहीत बघून सांगा.’

ताईंनी वही काढली.